वाक्यात उपयोग करा

शाळेत इंग्रजी शिकवलेल्या सरोजिनीबाईंचा सत्कार करायचा हे ठरायला पाच मिनिटं लागली आणि मानपत्र इंग्रजीत असावं हे ठरायला दोन. ते कुणी लिहायचं हे मात्र ठरलंच नाही. सगळे जण फक्त एका दिशेला पाहू लागले आणि त्या दिशेला रघुवीर टेंबे बसले होते. रघुवीररावांनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"टेंबेजी, तुम्हीच," माजी विद्यार्थी मंडळाचे अध्यक्ष यशवर्धन म्हणाले. शाळेत हे रघुवीररावांच्याच वर्गात होते. आता धंदा मुलगा बघतो, पण पलासियाच्या ऑफिसातली फिरती खुर्ची त्यांनी अजून सोडलेली नाही. "आपल्या बॅचमध्ये तुमच्याइतकी पुस्तकं वाचली कुणी आहेत, बताओ."

पुस्तकं वाचणं आणि पानभर काही लिहिणं यांत जेवणं आणि स्वयंपाक करणं यांच्याइतका फरक आहे, असं रघुवीररावांना म्हणायचं होतं. पण त्यांचं वाक्य मनात जुळून येईपर्यंत सभा कचोरीवर पोचली होती. आयुष्यात त्यांची बहुतेक वाक्यं अशीच कचोरीच्या मागून येत आली. पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं त्यांनी हजारो टिपणं लिहिली, पण प्रत्येक टिपणाच्या शेवटी 'आदेशार्थ सादर' असं लिहून जबाबदारी एक मजला वर ढकलायची सोय होती. मानपत्राच्या वर मजला नव्हता. तिथे थेट बाई होत्या.

बाईंची संमती घ्यायला ते रामबागेत त्यांच्या घरी गेले. सरोजिनीबाई अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या, पण दार त्यांनी स्वतः उघडलं, आणि चष्मा न लावता रघुवीररावांच्या सदऱ्याचं चुकलेलं बटण पाहिलं. रघुवीररावांनी ते जिन्यावरून उतरल्यावर नीट लावायचं ठरवलं, कारण बाईंसमोर हात हलवण्याची त्यांना सवय नव्हती.

"सत्काराला माझी ना नाही," बाई म्हणाल्या. "हार नको, मला शिंका येतात. मानपत्र कोण लिहितंय?"

"मी," रघुवीरराव अशा आवाजात म्हणाले की बाईंना तो प्रश्न वाटला.

"तू नाही तर कोण? ठीक आहे. मग ऐक. त्यात मला म्हातारी म्हणणारा एकही शब्द नको. ओल्ड नको, एजेड नको, आणि त्यांची सख्खी-चुलत भावंडंही नकोत. मागच्या महिन्यात एका डॉक्टरला गुडघा दाखवला. तो म्हणाला, माताजी, मशीन ओल्ड है. मी म्हटलं, डॉक्टर, मशीनच्या आधी 'द' पाहिजे."

"मग?"

"मग काय, गोळ्या लिहून दिल्या. गुडघ्याचं वय गुडघ्याला माहीत आहे. तू माणसाबद्दल लिही. आणि वाचणारही तूच."

रघुवीररावांना वाईट वाटलं ते एका गोष्टीचं. बाईंनी हे हसत सांगितलं, पण 'मशीन' म्हणताना त्यांचा हात नकळत गुडघ्यावर गेला आणि तिथेच राहिला. जिना उतरता उतरता रघुवीररावांनी ठरवलं, की जगात कुणीही बाईंना काहीही म्हणो, आपल्या हातून तो शब्द जाणार नाही. बटण लावायचं मात्र राहून गेलं.

खरं तर जुन्या गोष्टींना काय म्हणावं हे त्यांना बाईंनीच शिकवलं होतं. आठवीत असताना एकदा बाईंनी सगळ्यांना घरातली एकेक जुनी वस्तू आणायला सांगितली. मुलांनी काय काय आणलं. एकाने बनियन आणला, एकाने तीन दिवसांचा पाव, एकीने कोपरे दुमडलेलं पुस्तक, रघुवीररावांनी आजोबांची छत्री. बाईंनी ते सगळं टेबलावर मांडलं आणि प्रत्येक वस्तूला तिचा तिचा शब्द दिला. बनियन थ्रेडबेअर, पाव स्टेल, पुस्तक डॉग-इअर्ड, छत्री टॅटर्ड. यशवर्धनने काहीच आणलं नव्हतं. त्याने वेळ मारून न्यायला एक शंभरदा ऐकलेला विनोद सांगितला, तर बाईंनी त्यालाही शब्द दिला, हॅकनीड. "नुसतं ओल्ड म्हणणं म्हणजे न बघता बोलणं," त्या म्हणाल्या. त्या दिवशी घरी जाताना रघुवीररावांनी छत्रीकडे इतकं निरखून पाहिलं की ते एका सायकलवर आदळले. पुढे आयुष्यभर ते वस्तूंकडे तसंच बघत आले आणि अधूनमधून आदळतही आले. एका तासात मुलाचे डोळे बदलून टाकणारी बाई त्यांनी दुसरी पाहिली नाही.

आता त्याच बाईंसाठी शब्द हवा होता, आणि जो शब्द उचलावा त्याच्या पोटातून म्हातारपण डोकावत होतं. व्हेटरन चांगला वाटला, पण कोशात त्याचं मूळ पाहिलं तर थेट लॅटिनमधल्या म्हाताऱ्यापाशी जाऊन पोचलं, आणि बाईंना लॅटिन मुळं पाठ. सीनियरचंही घराणं तेच. व्हिंटेज मोटारीला लावतात, अँटीक फर्निचरला. एव्हरग्रीन म्हणावं तर सिनेमातले नट डोळ्यांसमोर येतात, तेही केस रंगवलेले.

"वेल-प्रिझर्व्ड कसा वाटतो?" त्यांनी चौथ्या दिवशी बायकोला विचारलं.

"मुरांब्याची बरणी आहे का त्या?" कुमुदिनीबाई मटार सोलत म्हणाल्या.

"सीझन्ड?"

"आता लोणच्यावर आलात."

यानंतर रघुवीररावांनी खाद्यपदार्थांच्या बाजूचे सगळे शब्द खोडले.

शेजारचे मालोजीराव सल्ला द्यायला आपण होऊन आले. नोकरीत त्यांचं काम सरकारी इमारती जीर्ण ठरवण्याचं होतं, त्यामुळे या विषयावर त्यांच्याइतका अधिकार गल्लीत कुणाचाच नव्हता. "देखो टेंबेजी," ते चहा बशीत ओतत म्हणाले, "तीन दर्जे असतात. पहिला, ओल्ड बट साउंड. दुसरा, इन नीड ऑफ रिपेअर. तिसरा, डिलॅपिडेटेड, म्हणजे खाली करा आणि पाडा. बाईंना पहिल्यात टाका."

"ओल्ड चालत नाही, मालोजीराव."

"मग हेरिटेज लिहा. हेरिटेज म्हटलं की कुणी पाडू शकत नाही."

रघुवीरराव खुलले. "आणि दुरुस्ती?"

"ती पण कुणी करू शकत नाही. त्याची वेगळी परवानगी लागते."

बाईंच्या गुडघ्याचा विचार करून हेरिटेजही खोडला गेला.

आणि मग सहाव्या दिवशी, पेन्शनची फाइल दुसऱ्याच कामासाठी उघडली असताना, रघुवीररावांना तो शब्द दिसला. त्यांच्या स्वतःच्या निवृत्तीच्या आदेशात, दुसऱ्या ओळीत, टपोऱ्या टायपात: सुपरॲन्युएटेड. या शब्दाबद्दल त्यांना पहिल्यापासून आदर होता. ज्याची चौकशी चालू आहे, ज्याला घरी बसवलं आहे, जो कंटाळून सोडून गेला आहे, अशा कुणालाही खात्यात हा शब्द मिळत नसे. छत्तीस वर्षं डाग न लागता काढली की तो मिळे. त्यात 'सुपर' होतं. मुख्य म्हणजे आदेशात पुढे 'वयाची साठ वर्षं पूर्ण झाल्यामुळे' असं वेगळं लिहिलेलं होतं. शासन एक गोष्ट दोनदा लिहीत नाही, अशी रघुवीररावांची श्रद्धा होती. अर्थात वय जर वेगळं लिहिलं आहे तर ते शब्दाच्या आत नाही. इतका बिनतोड युक्तिवाद त्यांना नोकरीतसुद्धा कधी सुचला नव्हता. कोश उशाशीच होता. तो त्यांनी उघडला नाही. स्वतःला मिळालेल्या पदवीचा अर्थ कोण कोशात बघतं?

'अवर सुपरॲन्युएटेड टीचर' ही मानपत्राची पहिली ओळ तयार झाली आणि तीच फलकावरही घ्यावी असं यशवर्धननी ठरवलं. पलासियाला बंटीचं फ्लेक्सचं दुकान होतं. बंटी चाळिशीचा, मराठी घरातला, पण मराठी त्याच्याकडे सणासुदीपुरती.

"काकाजी, शब्द बहोत लंबा आहे," तो स्क्रीनकडे बघत म्हणाला. "एका लायनीत बसून नाही राहिला. तोडू का?"

"तोडायचा असेल तर नियमाने तोडा."

बंटीने नियमाने तोडला. वरच्या ओळीत 'अवर'शेजारी 'सुपर' आला, बाकीचा शब्द 'टीचर'च्या शेजारी खाली गेला. वरती जागा उरली म्हणून त्याने 'सुपर' दुप्पट मोठा आणि लाल केला. "मतलब काय आहे याचा?"

"सेवा निष्कलंक पूर्ण केलेली व्यक्ती."

"एक शब्दात इतना सब? वा भिया."

शुक्रवारी दुपारी पिवळाधमक फलक सभागृहात लागला आणि यशवर्धननी त्याचा फोटो माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकला. मग रघुवीररावांच्या आयुष्यात कधी न घडलेली गोष्ट घडली. लोक त्यांची स्तुती करू लागले. काय शब्द शोधला टेंबेजी. मान गये. एकाने कबूल केलं की असं इंग्रजी आता बघायला मिळत नाही. भोपाळच्या एका विद्यार्थ्याने तर त्याच संध्याकाळी थोरल्या भावाला 'माय सुपरॲन्युएटेड दादा' म्हणून वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, आणि दादांनी हात जोडून आभार मानले. रघुवीरराव चष्मा पुसून पुसून ग्रुप वाचत राहिले. जेवताना त्यांनी भाजीत मीठ कमी असल्याचं सांगितलं. एरवी ते सांगत नसत.

शनिवारी सकाळी नात आली. अबोली सिमरोलच्या कॉलेजात इंजिनिअर होत होती आणि सुट्टीला आजीच्या हातचं खायला यायची. कुमुदिनीबाईंनी कौतुकाने फोटो दाखवला. अबोलीने तो बोटांनी मोठा केला, मग लहान केला, मग पुन्हा मोठा केला.

"आजोबा, ये आपने लिखा?"

"शब्द माझा. तोडला बंटीने."

"तुम्हाला बाई आवडत नाहीत का?"

रघुवीरराव हसले. अबोली हसली नाही. तिने मोबाइलवर काहीतरी टाइप केलं आणि शांतपणे वाचून दाखवलं, "फार वय झाल्यामुळे कामाचा न राहिलेला. कालबाह्य. मोडीत काढलेला."

"ते दुसऱ्या कुठल्या तरी शब्दाचं असेल."

"स्पेलिंग बघा ना."

रघुवीररावांनी स्पेलिंग पाहिलं. मग उठून कोश उघडला, कारण मोबाइलवर त्यांचा विश्वास नव्हता. कोशाने जरा सभ्य भाषेत तेच सांगितलं. त्यांनी कोश मिटून मांडीवर ठेवला. म्हणजे बारा वर्षं आपण जो कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपला त्यात हे लिहिलेलं होतं. पण ते दुःख त्यांनी तात्पुरतं बाजूला ठेवलं. ते आपलं होतं, सावकाश करता आलं असतं. उद्या साडेदहाला बाई त्या फलकाखाली बसणार होत्या. डॉक्टरने निदान एकट्यात म्हटलं होतं. आपण दहा बाय सहा फुटांत म्हटलं, आणि लाल रंगात.

मानपत्राची पहिली ओळ खोडता आली. फलक खोडता येईना. सभागृहाच्या व्यवस्थापकाने वही काढून नियम दाखवला: एकदा लावलेला फलक कार्यक्रम संपेपर्यंत सचिवांच्या लेखी परवानगीशिवाय उतरवता येणार नाही, कारण लोक खिळे उपटतात आणि भिंतीचा रंग जातो.

"सचिव कुठे आहेत?"

"मानपुरला. लग्नात."

"फोन?"

"फोन उचलतील, पण फोनवर लेखी कसं देतील?"

छत्तीस वर्षं रघुवीरराव टेबलाच्या त्या बाजूला होते. युक्तिवादात काही खोट नव्हती हे त्यांना मान्य करावं लागलं, आणि म्हणूनच तो जास्त लागला. त्यांनी अर्ज लिहिला. व्यवस्थापकाने तो वाचून सांगितलं की अर्ज उत्तम आहे, सोमवारी पुढे पाठवतो.

तोडगा बंटीने काढला. "उतारना मना है, चिपकाना मना आहे का?" वहीत तसं काही नव्हतं. त्याने शिडी लावली, पांढऱ्या फ्लेक्सचा एक तुकडा कापला आणि दोन्हीकडून चिकटणाऱ्या पट्टीने 'ॲन्युएटेड'वर बसवला. आता फलकावर 'अवर सुपर टीचर' एवढंच राहिलं. पिवळ्यावर पांढरा तुकडा कपाळाला बँडेज बांधल्यासारखा दिसत होता, पण बँडेजखाली काय आहे हे तर दिसत नव्हतं. रघुवीररावांनी बंटीचे दोन्ही हात धरले. बंटी शिडीवरच असल्यामुळे ते थोडं धोक्याचं होतं.

रविवारी सभागृह भरलं. दीडशे माणसं आली, त्यातली निम्मी काठी टेकत. बाई निळ्या काठाची पांढरी साडी नेसून आल्या, फुलांनी सजवलेल्या खुर्चीत फलकाकडे पाठ करून बसल्या आणि समोरच्या रांगेतल्या तिघांना त्यांनी वाकून बसू नका असं सांगितलं. तिघेही सरळ झाले. पाठोपाठ मागच्या रांगाही झाल्या.

बाईंना उकडू नये म्हणून यशवर्धननी एक उंच पंखा मागवून ठेवला होता. रघुवीरराव मानपत्र वाचायला उभे राहिले तेव्हा तो सुरू झाला.

सुरुवातीला मागच्या रांगांना काही ऐकू येईना. तरी ते वाचत गेले. सकाळची शाळा अकराला सुटल्यावर, जी मुलं वर्गात इंग्रजी बोलायला घाबरत त्यांना बाईंनी झाडाखाली बसवून कसं बोलतं केलं. पन्नास वर्षांनंतरही शिष्याचं पत्र आलं तर त्या उत्तरासोबत त्याच पत्रातल्या चुका कशा दुरुस्त करून पाठवतात. वस्तूकडे न बघता तिच्याबद्दल बोलू नये हे त्यांनी कसं शिकवलं. कुठेही वयाचा शब्द नव्हता. रघुवीररावांचा आवाज हळूहळू सापडू लागला. पहिल्यांदाच आपलं वाक्य वेळेवर पोचतंय असं त्यांना वाटलं, आणि त्याच क्षणी मागे फटकन आवाज झाला.

पांढरा तुकडा एका कोपऱ्यावर लोंबकळत होता. पंख्याची मान पुन्हा तिकडे वळली आणि तो उरलासुरलाही निघून टेबलाखाली गेला. दीडशे माणसांनी फलक वाचला. मग दीडशे माणसं फलक वाचताहेत हे बाईंनी वाचलं. काठीवर भार देऊन त्या उठल्या, वळल्या, आणि फळ्याकडे बघावं तशा बघत राहिल्या.

रघुवीररावांना फक्त त्यांची पाठ दिसत होती. त्या पाठीवरून काही कळेना.

"प्रिंटिंग मिस्टेक आहे बाई," यशवर्धन घाईने म्हणाले. "दुकानवाल्याने—"

"दुकानवाल्याला या शब्दाचं स्पेलिंग येणार नाही," बाई म्हणाल्या. "हा कुणाचा?"

मागच्या दाराशी बंटी उभा होता. त्याने मान खाली घालून सगळा दोष घ्यायची तयारी केलेली रघुवीररावांना दिसली. ते त्यांना बघवेना.

"माझा, बाई."

"अर्थ माहीत होता?"

"माहीत आहे असं वाटत होतं. काल कळला."

"कोश घरी आहे?"

"आहे."

"उघडला नाहीस."

"नाही."

बाई वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता आणि हसूही नव्हतं. वर्गात उत्तराची वाट बघताना असायचा तोच चेहरा होता. "आता अर्थ कळला आहे ना? मग वाक्यात उपयोग कर."

कुणीतरी माइक रघुवीररावांच्या तोंडासमोर सरकवला, त्यामुळे त्यांचा श्वास आधी सगळ्यांना ऐकू गेला. त्यांच्या डोक्यात एकही वाक्य नव्हतं. समोर मात्र बाई होत्या, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, सत्काराच्या दिवशी, दीडशे पाहुण्यांसमोर, अपमान बाजूला ठेवून शिकवायला उभ्या राहिलेल्या. रघुवीररावांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. वाक्य तिथेच होतं.

"आय वॉज सुपरॲन्युएटेड इन टू थाउजंड थर्टीन," ते म्हणाले. मग पुढे म्हणाले, "माय टीचर वॉज नॉट."

बाई श्रोत्यांकडे वळल्या. "चूक कुणाला दिसते?"

यशवर्धनचा हात अर्धा वर गेला आणि खाली आला. बाकी कुणीच हलेना. बाईंनी सगळ्या रांगांवरून नजर फिरवली.

"मलाही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "बस खाली."

रघुवीररावांचे पाय आज्ञेचीच वाट पाहत होते. जी खुर्ची पहिली लागली तिच्यात ते बसले, आणि ती फुलांनी सजवलेली होती. नेमकं तेव्हाच यशवर्धनना आपलं काम आठवलं. मानपत्र संपून माणूस खुर्चीत बसला की शाल घालायची, एवढंच त्यांना नेमून दिलेलं होतं. चष्मा त्यांच्या खिशात होता. त्यांनी मागून येऊन भक्तिभावाने शाल उलगडली आणि रघुवीररावांच्या खांद्यांवर घातली.

टाळ्या सुरू झाल्या, मध्येच अडखळल्या. रघुवीरराव दचकून शाल काढू लागले, पण हात इतके कापत होते की ती त्यांना धड निघेना. यशवर्धन ओशाळून ओढायला धावले.

"राहू दे रे," बाई म्हणाल्या. "थरथरतोय मुलगा."